काटा मधोमध आहे ना?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या संस्थेकडे एक जुनी पिकअप गाडी होती. माती आणि पाणी यांचे नमुने गोळा करण्यासाठी ती घेऊन आम्ही गावोगाव हिंडत असू. एप्रिलमधल्या एका दुपारी, मागे नमुन्यांची खोकी भरलेली असताना, आम्ही घाट चढत होतो. अर्ध्या चढणीवर तापमानाचा काटा 'एच' या अक्षराकडे सरकू लागला. ड्रायव्हरमामांनी वेग कमी केला आणि डोळा काट्यावर ठेवला. काही मिनिटांनी काटा आपोआप मागे फिरला आणि मधोमध येऊन थांबला. "उतरलं बघा टेंपरेचर," मामा म्हणाले. आम्हालाही हायसे वाटले. पुढे दोन किलोमीटरही गेलो नसू, तोच इंजिनातून ठोके ऐकू आले आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. काटा तेव्हाही मधोमधच होता.

गॅरेजमध्ये इंजिन उघडले तेव्हा हेड वाकलेले, गॅस्केट जळालेले आणि पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट धरलेले आढळले. रेडिएटरच्या खालच्या होजपाइपची क्लिप सैल होऊन सगळे पाणी रस्त्यावर गळून गेले होते. दुरुस्तीचा आकडा मोठा होता. लवकरच फाइलवर एक टिपणी आली: ड्रायव्हरने तापमानाकडे दुर्लक्ष केल्यामुळे हे नुकसान झाले, सबब खर्चाचा काही भाग त्यांच्या पगारातून वळता करावा. मामांनी काट्याकडे दुर्लक्ष केले नव्हते, याला आम्ही साक्षीदार होतो. त्यांची चूक एवढीच होती की त्यांनी काट्यावर विश्वास ठेवला. पण हे कार्यालयाला पटवून द्यायचे तर तो काटा नेमके काय दाखवतो, हे आधी आम्हाला कळायला हवे होते. विज्ञानात डॉक्टरेट मिळवूनही आमच्यापैकी कोणीच त्याचा कधी विचार केला नव्हता. त्या शोधात जे हाती आले, ते येथे मांडत आहोत.

इंजिनाचे तापमान म्हणजे कशाचे?

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडते तेव्हा जळणाऱ्या वायूंचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. सिलिंडरची आतली भिंत दीडशेच्या आगेमागे असते, तर वंगणाचे तेल शंभराच्या जवळपास. सिलिंडरभोवती फिरणारे पाणी साधारण ८० ते ९५ अंशांवर असते आणि तेच पाणी रेडिएटरमधून बाहेर पडताना आणखी काही अंशांनी थंड झालेले असते.

मग इंजिनाचे तापमान यांपैकी कोणते? काटेकोरपणे पाहिले तर इंजिनाला एकच एक तापमान नसतेच. आपण ज्याला 'इंजिनाचे तापमान' म्हणतो ते इंजिनातून बाहेर पडण्याच्या जागी असलेल्या पाण्याचे तापमान होय. हा एक सोयीचा संकेत आहे. इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश धुरावाटे जाते, जवळजवळ तेवढीच पाण्याला द्यावी लागते आणि उरलेल्या भागातून चाके फिरतात. ही पाण्याकडची वाट सुरळीत आहे की नाही, हे पाण्याच्या तापमानावरून समजते. अट एकच, ती म्हणजे तेथे पाणी असले पाहिजे. ही अट इतकी उघड आहे की ती कोणी बोलून दाखवत नाही. आमच्या घाटातल्या गोष्टीचे मर्म मात्र तिच्यातच आहे.

उकळते पाणी हाच तापमापक

जर्मनीत कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी दाखल केले. तिच्या एका सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती एका अश्वशक्तीहूनही कमी होती. त्याला ना रेडिएटर होता, ना तापमापक. सिलिंडरभोवतीच्या आवरणात पाणी असे, ते उकळे आणि वाफ निघून जाई. पाणी संपत आले की वरून पुन्हा ओतायचे.

ही पद्धत ओबडधोबड वाटली तरी तिच्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे. उकळणाऱ्या पाण्याला कितीही उष्णता द्या, खुल्या भांड्यात त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. जास्तीची उष्णता वाफ तयार करण्यात खर्च होते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २२५७ किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे एक किलोवॉट दराने उष्णता काढून घ्यायची तर तासाला सुमारे १.६ लिटर पाणी उकळून जाईल. (हे गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.) पाणी आहे तोवर इंजिनाच्या आवरणाचे तापमान निसर्गच स्थिर ठेवतो. चालकाने फक्त पाणी आहे की नाही एवढेच पाहायचे.

ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइम येथून फोर्झहाइमला, सुमारे १०० किलोमीटरवर, याच पद्धतीच्या गाडीतून गेल्या. वाटेत वीस्लोख येथील औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन घेतले, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. मात्र त्या प्रवासात इंधनापेक्षा कितीतरी वेळा थांबावे लागले ते पाण्यासाठी. विहीर, ओढा, खाणावळ, जेथे मिळेल तेथे पाणी भरत त्या पुढे गेल्या. लांबच्या पल्ल्याच्या या पहिल्या प्रवासात इंजिनाचे तापमान 'मोजले' गेले ते पाण्याच्या पातळीवरून. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

इंजिनांची शक्ती वाढली तसे एवढे पाणी वाहून नेणे अशक्य झाले. तेच पाणी थंड करून पुन्हा वापरणे भाग होते. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या अखेरीस तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या होत्या आणि त्यांची संख्या ८०७० होती. नळ्यांमधून हवा वाहे, तर त्यांच्या मधल्या फटींतून पाणी. पृष्ठफळ प्रचंड वाढल्यामुळे आधी १८ लिटर लागणारे पाणी ९ लिटरवर आले. आता पाणी उकळण्याची गरज राहिली नाही. पण त्याबरोबर एक सोयही गेली. आतापर्यंत वाफ दिसणे म्हणजे सारे काही ठीक असल्याची खूण होती. यापुढे वाफ दिसली की समजायचे, काहीतरी बिघडले आहे. आणि ती दिसेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असे.

टोपीवरचा तापमापक

हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये आली आणि १९२७ पर्यंत तिच्या दीड कोटी गाड्या बनल्या. पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांत पाण्याचा पंप होता. नंतर फोर्ड यांनी तो काढून टाकला. गरम पाणी हलके होऊन वर चढते, रेडिएटरमध्ये थंड झालेले जड पाणी खाली उतरते, या अभिसरणावरच त्यांनी भिस्त ठेवली. पंप नाही म्हणजे पंपाचा बिघाडही नाही. शेतकऱ्यांना हा साधेपणा आवडला. यामागचे तत्त्व आपण शाळेत परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकून दाखवतो तेच आहे. मात्र पाण्याची पातळी इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या खाली गेली की हे चक्र तुटते. रेडिएटरमध्ये पाणी शिल्लक असूनही ते फिरत नाही.

अमेरिकेतील शेतकरी या गाडीची मागची बाजू कापून तेथे लाकडी हौदा बसवत असत. ते पाहून फोर्ड कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी कारखान्यातच हौदा बसवलेली गाडी २८१ डॉलरला विकायला काढली. फोर्डची ही पहिली तयार पिकअप गाडी. ओझे लादून, चिखलातून, मंद गतीने जाणारी. समोरून वाहणारा वारा कमी आणि इंजिनावर भार जास्त, हे इंजिन तापण्यासाठी अगदी योग्य मिश्रण! त्यामुळे प्रवासी मोटारीपेक्षा पिकअपच्या चालकाला 'गाडी तापली तर नाही ना' ही चिंता नेहमीच अधिक राहिली आहे. पण मॉडेल टीमध्ये तापमान दाखवणारे काहीच नव्हते.

ही उणीव भरून काढली एका जोडउपकरणाने. १९१२ मध्ये हॅरिसन बॉइस यांना अमेरिकेत एका तापमापकाचे पेटंट मिळाले. हे 'बॉइस मोटोमीटर' रेडिएटरच्या टोपीवर बसवत. काचेच्या नळीतला रंगीत द्रव चालकाला समोरच्या काचेतून दिसे. पुढची पंधरा वर्षे हे उपकरण लाखो गाड्यांच्या नाकावर मिरवत होते.

त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. तापमापकाचे टोक पाण्यात बुडत नसे. ते पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेत, हवा आणि वाफ यांच्या मिश्रणात असे. म्हणजे मोजले जाई ते वाफेचे तापमान आणि त्यावरून अंदाज करायचा पाण्याचा, पाण्यावरून इंजिनाचा. एका राशीवरून दुसरीचे, दुसरीवरून तिसरीचे अनुमान करण्याची ही साखळी येथे प्रथमच उघड्यावर दिसते. साखळीतली प्रत्येक कडी शाबूत असेल तरच शेवटचे अनुमान बरोबर येते.

अंक गेले, अक्षरे आली

१९२० चे दशक संपता संपता तापमापक टोपीवरून चालकासमोरच्या फळीवर आला. त्यासाठी एक जुना शोध उपयोगी पडला. पॅरिसमधील यूजेन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये दाबमापकाचे पेटंट घेतले होते. चपट्या छेदाची, कमानीसारखी वाकवलेली धातूची नळी आतला दाब वाढला की थोडी उलगडते आणि काटा फिरवते. (लहान मुलांची फुंकर मारून उलगडणारी कागदी पिपाणी आठवा.) आता इंजिनाच्या पाण्यात एक छोटा धातूचा कोश ठेवायचा, त्यात ईथर भरायचे आणि केसासारख्या बारीक नळीने तो बूर्दाँ नळीला जोडायचा. ईथर सुमारे ३५ अंशांनाच उकळते, त्यामुळे ८०-९० अंशांवर त्याचा बाष्पदाब चांगलाच वाढलेला असतो. तापमान वाढले, दाब वाढला, काटा फिरला. येथे काटा दाखवतो दाब आणि आपण वाचतो तापमान. बाष्पदाब तापमानाबरोबर समान टप्प्यांनी वाढत नाही, म्हणून अशा तबकडीवरचे आकडे सुरुवातीला दाटीवाटीने आणि पुढे लांब लांब असतात. बारीक नळीला चीर पडून ईथर उडून गेले तर काटा थेट थंडाकडे पडतो, मग इंजिन कितीही तापलेले असो.

त्यानंतर विद्युत काटा आला. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे यांना असे आढळले होते की सिल्व्हर सल्फाइड तापवले की त्याचा विद्युत रोध कमी होतो. धातूंच्या बाबतीत याच्या उलट घडते. हाच गुणधर्म असलेले काही धातूंच्या ऑक्साइडचे तुकडे, म्हणजेच थर्मिस्टर, विसाव्या शतकात सहज बनवता येऊ लागले. असा तुकडा पितळी कवचात बसवून पाण्यात सोडला की झाला 'सेंडर'. पाणी तापले की त्याचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो. तबकडीमागे द्विधातू पट्टीवर तार गुंडाळलेली असते. प्रवाहाने ती तापते, पट्टी वाकते आणि काटा सरकतो.

१९५० च्या दशकानंतरच्या बऱ्याच अमेरिकी पिकअप गाड्यांत हीच रचना आहे. त्यात आणखी एक कडी असते. बॅटरीचा दाब कमीजास्त झाला तर काटा चुकेल, म्हणून १२ व्होल्टचा प्रवाह सतत जोडत-तोडत सरासरी सुमारे ५ व्होल्टवर आणणारा एक नियंत्रक बसवलेला असतो. त्यावरच इंधनाचा काटाही चालतो. हा नियंत्रक चिकटून बसला की दोन्ही काटे एकदमच वर जातात. जुन्या गाड्यांचे कसबी मेकॅनिक म्हणूनच इंजिन तापल्याची तक्रार ऐकली की पहिला प्रश्न विचारतात, "पेट्रोलचा काटा काय दाखवतोय?" रिकाम्या टाकीची गाडी 'फुल' दाखवत असेल, तर दोष इंजिनात नसून काट्यात आहे. नियंत्रित प्रयोगाचा याहून सुंदर नमुना वर्गात सांगायला मिळणे कठीण.

याच काळात तबकडीवरचे अंक हळूहळू नाहीसे झाले. एका टोकाला 'सी', दुसऱ्या टोकाला 'एच' आणि मध्ये 'नॉर्मल', एवढेच उरले. १९९० नंतरच्या अनेक गाड्यांत तर पाणी ८० अंश असो वा १०० च्या जवळ, काटा मुद्दामच मधोमध स्थिर ठेवलेला असतो. काटा थोडा हलला की गिऱ्हाइके तक्रार घेऊन येतात, हे त्याचे कारण. मोजमापाचे उपकरण धीर देण्याचे उपकरण बनले ते असे.

'नॉर्मल' कोणी ठरवले?

पाणी जितके थंड तितके इंजिनाला चांगले, असा आपल्याकडे समज होता आणि अजूनही आहे. घाटातून ये-जा करणाऱ्या जुन्या गाड्यांतला थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत त्यातूनच पडली. आमच्या पिकअपमध्येही तो नव्हता.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला आपोआप उघडणारा दरवाजा. पाणी तापेपर्यंत तो बंद राहतो. सुरुवातीच्या थर्मोस्टॅटमध्ये चुण्या असलेला धातूचा भाता असे आणि त्यात लवकर उकळणारा द्रव. असा बिनसांध्याचा भाता अमेरिकेतील वेस्टन फुल्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बनवला. गंमत अशी की ते मूळचे हवामान खात्यातले निरीक्षक होते. पुढे १९३४ मध्ये सर्जियस व्हर्ने यांनी मेणाचा थर्मोस्टॅट शोधला. मेण वितळताना त्याचे आकारमान १० ते १५ टक्क्यांनी वाढते आणि त्या जोराने दांडा सरकून झडप उघडते. मेणाचे मिश्रण बदलून झडप कोणत्या तापमानाला उघडावी हे ठरवता येते. इंजिनाचे 'नॉर्मल' तापमान खरे म्हणजे या मेणावर अवलंबून असते!

आणि हे 'नॉर्मल' बदलत गेले आहे. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून त्यात आधी मिथाइल अल्कोहोल मिसळत. ते सुमारे ६५ अंशांनाच उकळते, म्हणून इंजिन थंड ठेवावे लागे आणि ७० च्या आसपास उघडणारे थर्मोस्टॅट वापरत. सहज उडून न जाणारे इथिलीन ग्लायकॉल १९२७ पासून अमेरिकेत बाजारात मिळू लागले. मग ८२ अंशांचे थर्मोस्टॅट रूढ झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून धुरातील प्रदूषकांवर मर्यादा आल्या. थंड भिंतीजवळचे इंधन नीट जळत नाही, म्हणून नव्या इंजिनांत ९० अंशांचे थर्मोस्टॅट आले. एकाच कंपनीच्या १९५५ आणि १९७५ मधल्या पिकअपचे 'नॉर्मल' तापमान वेगळे असू शकते ते यामुळे.

इंजिन फार थंड राहिले तर काय बिघडते? एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. हे समीकरण मांडून पडताळता येईल. सिलिंडरची भिंत थंड असेल तर या पाण्याची वाफ तिच्यावर साचते, ज्वलनातील आम्ले तिच्यात मिसळतात आणि भिंत गंजते. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी केलेल्या प्रयोगांतून हे पुढे आले. सिलिंडर झिजतो तो केवळ घर्षणाने, ही समजूत त्यांनी खोटी ठरवली. कमी तापमानाला झीज झपाट्याने वाढते. थर्मोस्टॅट काढून 'थंड' केलेली गाडी तक्रार न करता हळूहळू झिजत असते.

वरची मर्यादा कोठे असते, तेही पाहू. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग असते. तिने आत एक वातावरण जादा दाब धरून ठेवला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १२० अंशांवर जातो. म्हणून सुस्थितीतल्या गाडीत १०० किंवा १०५ अंशांचे पाणी उकळत नाही. पण झाकणाचे रबर फाटलेले असेल तर पाणी खुल्या भांड्यासारखे उकळेल, आणि तेही जागेच्या उंचीप्रमाणे. समुद्रसपाटीवर १०० अंशांना, पुण्यात सुमारे ९८ ला, तर महाबळेश्वरला साडेपंच्याण्णवच्या आसपास. घाट चढताना इंजिनावरचा भार वाढतो आणि त्याच वेळी उत्कलनबिंदू खाली येतो, अशी ही दुहेरी अडचण आहे.

मग तपासायचे कसे?

आमच्या लक्षात आलेले सूत्र असे: एका उपकरणाची परीक्षा वेगळ्या तत्त्वावर चालणाऱ्या दुसऱ्या उपकरणानेच करावी.

सर्वांत आधी, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याची पातळी पाहावी. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. १२० अंशांच्या पाण्यावरचा दाब एकदम काढला की दर लिटरमागे सुमारे ३७ ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. म्हणजे सुमारे ६० लिटर वाफ, आणि तिच्याबरोबर उसळणारे उकळते पाणी. चेहरे भाजण्याचे अपघात असेच होतात.

थर्मोस्टॅट तपासण्यासाठी तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबकळत ठेवावा, शेजारी प्रयोगशाळेतला तापमापक धरावा आणि पाणी सावकाश तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास झडप हलू लागली पाहिजे आणि आणखी आठ-दहा अंशांनी पूर्ण उघडली पाहिजे. त्याच पातेल्यात सेंडर सोडून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजता येतो. रोध आणि तापमान यांचा आलेख काढला की दहावीच्या वर्गाला एक प्रकल्पच मिळतो.

चालू गाडीत इंजिनातून पाणी बाहेर पडते त्या जागेचे तापमान अवरक्त किरणांच्या पिस्तुलासारख्या तापमापकाने पाहता येते. हे उपकरण आता सहज मिळते. पण येथेही फसगत होते. चकचकीत ॲल्युमिनियम अवरक्त किरण फारच कमी उत्सर्जित करते आणि भोवतालचे परावर्तित करते. त्यामुळे ९० अंशांची धातू चाळीसचीही वाटू शकते. त्या जागी काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरावा. हात पंख्यापासून दूर ठेवावा.

शेवटची गोष्ट म्हणजे एका आकड्यापेक्षा तापमानाची चाल पाहावी. थंड इंजिन सुरू केल्यावर तापमान चढत जाते, थर्मोस्टॅट उघडताना किंचित उतरते आणि मग स्थिरावते. उभ्या गाडीत वाढते आणि वेग घेतल्यावर उतरते, तर पंखा तपासावा. उलट, वेगात आणि चढावर वाढत असेल, तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. काटा तळाशीच राहत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला आहे, किंवा नाहीच, किंवा सेंडरची तार तुटली आहे.

पुन्हा घाटात

त्या दुपारी काय घडले, ते आता सांगता येईल. पाणी गळू लागले, उरलेले पाणी तापले आणि काटा 'एच'कडे गेला. तोवर काटा खरे बोलत होता. मग पाण्याची पातळी सेंडरच्या खाली उतरली. सेंडर कोरड्या जागेत लोंबकळू लागला. पाण्यापासून धातूला जितक्या सहज उष्णता मिळते तितकी हवा आणि वाफ यांच्यापासून मिळत नाही. म्हणून इंजिन तापत असताना सेंडर मात्र निवत गेला आणि काटा मधोमध आला. ज्याला आम्ही सुटका समजलो, ती पाणी संपल्याची खूण होती. बर्था बेंझ यांच्या गाडीला काटा नव्हता, म्हणून त्या पाणी पाहत होत्या. आमच्यासमोर काटा होता, म्हणून आम्ही पाणी पाहिले नाही.

आम्ही हे सारे दोन पानी टिपणात लिहिले. सोबत पातेले, सेंडर आणि मल्टिमीटर घेऊन कार्यालयात गेलो. सेंडर उकळत्या पाण्यातून वर उचलून शेगडीच्याच बाजूला हवेत धरला आणि रोधाचा आकडा सर्वांसमोर बदलू दिला. पगारकपातीचा प्रस्ताव मागे घेतला गेला. मामांनी नंतर स्वतःच एक पद्धत पाडली: सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडून पाणी पाहायचे, आणि घाटात काटा अचानक उतरला तर तो चढल्याइतकाच गंभीर मानून गाडी बाजूला घ्यायची.

वर्गात आपण विद्यार्थ्यांना तापमापक वाचायला शिकवतो: डोळा पातळीच्या समोर धरा, लघुतम माप पाहा. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला शिकवले पाहिजे. हे उपकरण आत्ता ज्याला टेकले आहे, ते आपल्याला मोजायचे होते तेच आहे का?